डिस्कॅल्क्युलिया असलेल्या पोराला गणितात ‘विचार’ करायला कसं शिकवायचं? घरच्या घरी, पायरीपायरीनं

माझा भाचा पाचवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडं सांगलीला आला होता. बोलता बोलता मी त्याला म्हटलं, एकोणसाठ लिहून दाखव रे. त्यानं लिहिलं ६९. बहीण लगेच कपाळाला हात लावून बसली, "बघ, हे असं आहे." पण मी विचारलं, का रे असं लिहिलंस? तर म्हणतो, "मावशी, साठ ऐकू आलं की. आणि एकोण असलं की शेवटी नऊ येतंय."

आता नीट बघा. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, सगळ्यांच्या शेवटी नऊच आहे. म्हणजे पोरानं स्वतः बघून नियम काढला, तो नियम वापरला, आणि विचारल्यावर कारणही सांगितलं. चुकलं कुठं, तर साठाच्या अलीकडं जायचं का पलीकडं एवढंच. हेच पोरगं ८ + ७ करताना एकपासनं बोटं मोजायचं, आणि मधेच कुणी हाक मारली की परत एकपासनं.

मी गेली १४ वर्षं प्राथमिकच्या पोरांची शिकवणी घेते, काही डॉक्टर किंवा स्पेशल एज्युकेटर नाही. पण भाच्यामुळं आणि नंतर शिकवणीला आलेल्या अजून तीन-चार पोरांमुळं एक गोष्ट पक्की कळली, की या पोरांचं अडतं ते हिशेबात, विचारात नाही. आणि आपण काय करतो, तर हिशेब जमेपर्यंत विचाराचं काही समोर येऊच देत नाही. आधी पाढे पाठ कर, मग बघू. ते ‘मग’ येतच नाही, पोरगं आठवीत जातं आणि गणित म्हणजे नुसती भीती उरते. तर मी जे करून बघितलं ते सगळं इथं लिहितेय, जरा लांबेल.

आधी हे काय आहे ते

डिस्कॅल्क्युलिया म्हणजे मेंदूला ‘किती’ हे पटकन जाणवत नाही. आपण ताटात तीन पेढे बघितले की मोजत नाही, तीन दिसतातच. साधारण चारपर्यंत असं न मोजता दिसतं. या पोरांना तिथंच मोजावं लागतं किंवा वेळ लागतो. मग कोणती संख्या मोठी, कितीनं मोठी, हे आतनं येत नाही, आकडे नुसती चिन्हं राहतात. १९७४ ला चेकोस्लोव्हाकियातल्या लाडिस्लाव कोश्च या मानसशास्त्रज्ञानं याची नीट व्याख्या मांडली, त्यात मुद्दा हाच होता की बाकी बुद्धी ठीक असताना फक्त गणिताची क्षमता अडलेली असते. वेगवेगळ्या अभ्यासांत ३ ते ७ टक्के मुलांमध्ये हे सापडतं असं धरतात, म्हणजे ४० च्या वर्गात एक ते तीन पोरं. तुमच्या पोराच्या वर्गात तो एकटाच नसणार.

आळशीपणा नाही, लाड झाल्यामुळं नाही, मोबाईलमुळं पण नाही. पण म्हणून गणित कच्चं असलेलं प्रत्येक पोरगं डिस्कॅल्क्युलियाचं असं पण नसतं हं. आधी डोळे तपासा, कान तपासा, आजारपणात किंवा गाव बदलताना शाळा बुडली होती का आठवा. आणि मराठी माध्यमातनं सेमीला टाकलं असेल तर एक गंमत बघा, मराठी चार आणि इंग्रजी आठ दिसायला जवळजवळ सारखे, मराठी पाच आणि इंग्रजी चार पण तसेच. चांगली पोरं पण तिथं दोन-चार महिने गडबडतात. हे सगळं बाजूला काढून सुद्धा वर्ष-दोन वर्षं तीच अडचण राहिली, तर टेस्टिंगचं बघायचं. त्याचं खाली लिहिलंय.

पायरी १: हिशेबाची वेळ वेगळी, विचाराची वेळ वेगळी

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि घरच्यांना सगळ्यात जड जातं. डोक्यात एका वेळी मावतं तेवढंच मावतं. पोरगं ७ गुणिले ८ आठवायला झगडत असेल तर मूळ प्रश्न काय होता हे त्या झटापटीत सांडून जातं. मग आपण म्हणतो, याला उदाहरणच कळत नाही. अहो कळलं होतं, मधल्या गुणाकारात हरवलं.

म्हणून दोन वह्या केल्या. हिशेबाच्या वहीत बेरजा-वजाबाक्या-पाढे, दिवसाला १० मिनिटं, बास. विचाराच्या वहीत प्रश्न, चित्रं, कारणं, आणि ही वही उघडली की पाढ्यांचा तक्ता शेजारी, कॅल्क्युलेटर शेजारी, बोटं मोजायची पूर्ण मुभा. माझे भाऊजी म्हणाले, "कॅल्क्युलेटर दिला तर डोकं कसं चालणार ओ?" मी म्हटलं, भाऊजी तुम्ही दुकानात काय वापरता? गप्प बसले. कॅल्क्युलेटर उत्तर काढतो, पण काय दाबायचं आणि आलेलं उत्तर पटण्यासारखं आहे का हे माणसानंच ठरवायचं असतं, आणि आपल्याला नेमकं तेच शिकवायचंय.

विचाराच्या वहीत उत्तराला शाबासकी द्यायची नाही हे मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. शाबासकी ‘कारण’ला. बरोबर उत्तर आलं तरी विचारायचं, कशावरनं? सुरुवातीला पोरगं घाबरतं, त्याला वाटतं चुकलं म्हणून विचारतायत. आठ-दहा दिवस बरोबर आणि चूक दोन्ही वेळेला तसंच विचारत राहिलात की मग भीती जाते.

पायरी २: आकड्यांची नावं सोडवून घ्या

आपली मराठी या बाबतीत लय त्रास देते. लिहिताना दशक आधी आणि बोलताना सुट्टे आधी: एकवीस म्हणजे एक आणि वीस, लिहायचं मात्र २१. डिस्कॅल्क्युलियाचं पोरगं ऐकलं तसं लिहितं, १२. त्यात त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी हे कानाला सगळे भाऊ-भाऊ. आणि एकोणवाले तर सरळ वजाबाकीच सांगतात, एक उणे. एकोणनव्वदपर्यंत नियम पाळून वर नव्याण्णवला येऊन तो पण मोडतो!

२०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचायला दिलं तेव्हा केवढा गोंधळ झाला होता आठवत असेल, टीव्हीवर चर्चा, व्हॉट्सॲपवर विनोद. त्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. मी पण तेव्हा हसले होते, खोटं कशाला बोलू. भाच्याबरोबर बसायला लागल्यावर हसू पळालं. आणि हे काही जगावेगळं नाही, आपल्याच जिल्ह्यात जतकडं कन्नड शाळा आहेत, कन्नडात एकवीसला इप्पत्तोंदु म्हणतात, म्हणजे वीस-एकच की.

करायचं काय, तर दोन्ही नावं शेजारी ठेवायची. ५९ समोर ठेवून "पन्नास नऊ, म्हणजेच एकोणसाठ, म्हणजे साठाला एक कमी". गणितमाळ घ्या, झेडपीच्या शाळांत असते ती, १०० मणी, दहा एका रंगाचे मग दहा दुसऱ्या रंगाचे. घरी पण ओवता येते. साठाव्या मण्यावर चिमटा लावायचा आणि एक मणी मागं यायचं, एकोणसाठ. भाच्यानं माळेवर दोन-तीनदा केल्यावर स्वतःच म्हणाला, "म्हणजे एकोण म्हणजे मागं ये." झालं काम!

सोबत पुठ्ठ्याची कार्डं करा, १० ते ९० ची लांब आणि १ ते ९ ची आखूड. ५० च्या शून्यावर ९ चं कार्ड ठेवलं की ५९ होतं, उचललं की खाली ५० दिसतं. आकड्याच्या पोटात काय दडलंय ते उघडून बघता येतं. एकशे तीन लिहायला सांगितल्यावर १००३ लिहिणाऱ्या पोरांना तर, १०० चं अजून लांब कार्ड करून, हे फारच उपयोगी पडतं.

आणि इथंच विचाराचे प्रश्न सुरू करायचे. एकोणसाठ पन्नासच्या जवळ का साठच्या? ३८ आणि ८३ मध्ये मोठं कोण, कशावरनं? माझ्या मनात ४० च्या अलीकडची पण ३५ च्या पलीकडची संख्या आहे, कोणकोणत्या असू शकतात? याला बेरीज येण्याची गरजच नाही.

पायरी ३: उत्तराआधी अंदाज, रोज

नियम एकच: गणित सोडवायच्या आधी वहीत लिहायचं, ‘यापेक्षा कमी नसणार’ आणि ‘यापेक्षा जास्त नसणार’. ४८ + ३७ घ्या. चाळीस आणि तीस सत्तर, म्हणजे सत्तरच्या वर. पन्नास आणि चाळीस नव्वद, म्हणजे नव्वदच्या आत. आता ही पोरं बऱ्याचदा काय करतात, ८ + ७ पंधरा खाली लिहितात, ४ + ३ सात शेजारी लिहितात, उत्तर ७१५. नुसतं चूक म्हणून लाल फुली मारली तर पोरगं काहीच शिकत नाही. पण वर त्यानंच ७० ते ९० लिहिलेलं असलं की तो स्वतः म्हणतो, हे कसं काय? ते ‘कसं काय’ त्याच्या तोंडून निघालं पाहिजे, आपल्या नव्हे.

पहिले पंधरा दिवस अंदाज पार गंडलेले असतात. भडंगाच्या पुड्यात किती शेंगदाणे असतील तर म्हणे हजार. मोजले तर साठ-सत्तर. हसायचं नाही, लिहून ठेवायचं, पुढच्या पुड्याला तेच बघून सुधारायचं.

अंदाजासाठी सांगलीइतकं सोयीचं गाव नाही असं मी गमतीनं म्हणते, कारण पावसाळ्यात इथं दुधवाल्यापासनं सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो, कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं हे लहान पोरांना पण पाठ. मी एका कपाटाच्या कडेला कागदाची उभी पट्टी चिकटवली, ४० ला पिवळी रेघ, ४५ ला लाल. मग स्वतः आकडे तयार करून दिले: सकाळी ६ ला ३६ फूट, ९ ला ३८, दुपारी १२ ला साडेएकोणचाळीस, ३ ला साडेचाळीस. पट्टीवर खुणा करायला लावल्या आणि विचारलं, रात्री ९ पर्यंत लाल रेघ गाठेल का?

शिकवणीतली हुशार म्हणवणारी दोन पोरं सकाळच्या वेगानं गुणून मोकळी झाली, गाठणार म्हणाली. भाचा खुणांकडं बघत बसला. मग म्हणाला, "खुणा जवळजवळ यायला लागल्यात. पाणी दमलंय. पण कोयनेतनं सोडलं तर?" बघा, आधी २ फूट, मग दीड, मग एक, वाढ कमी होत चाललीये हे त्यानं वजाबाकी न करता डोळ्यानं पकडलं, आणि वर हा प्रश्न की दिलेल्या माहितीत काय नाहीये. मला अजून तो ‘पाणी दमलंय’ शब्द विसरत नाही.

म्हणून अशा प्रश्नांना शेवटी एक ओळ कायम ठेवा: अजून काय माहीत असायला पाहिजे होतं? (फूट-इंच एवढ्यात आणू नका मात्र, १२ इंचांचा फूट म्हणजे या पोरांना दुसरा डोंगर. अर्धा फूट पुरे.)

पायरी ४: शाब्दिक उदाहरणं, आधी आकडे झाकून

शाब्दिक उदाहरणात पोरं वाचतच नाहीत, आकडे वेचतात. आणि आपण शिकवणारे त्यात भर घालतो, ‘एकूण’ आलं की बेरीज, ‘उरले’ आलं की वजाबाकी. मी पण कित्येक वर्षं हेच शिकवलं. हे बघा:

‘काही पेढे वाटून आजीकडं १२ उरले. तिनं ५ वाटले होते. आधी किती होते?’ उरले आहे म्हणून वजाबाकी केली की ७, आणि आजीकडं आत्ताच १२ आहेत!

‘ताईकडं १८ मणी आहेत, ते दादापेक्षा ६ ने जास्त आहेत. दादाकडं किती?’ जास्त दिसलं की बेरीज, २४. बरोबर १२.

तर काय करायचं, आकड्यांवर बोट ठेवायचं किंवा कागदाचे तुकडे लावायचे, आणि गोष्ट म्हणून वाचायचं. आजीकडं काही पेढे होते, काही वाटले, काही उरले. मग विचारायचं, आधी जास्त होते का आत्ता? कशावरनं? पोरगं बरोबर सांगतं, कारण हे गणित नाहीच, रोजचं घर आहे. मग चित्र. चित्र म्हणजे पेढे काढत बसायचं नाही, नुसत्या पट्ट्या. आधीची लांब पट्टी, तिच्याखाली दोन तुकडे, वाटलेले आणि उरलेले. तुलनेच्या उदाहरणात दोन पट्ट्या एकाखाली एक, ताईची लांब, दादाची आखूड, आणि जेवढी जागा उरते तो फरक. पट्टी काढून झाली की मगच आकड्यांवरचे कागद उचलायचे आणि पट्टीवर आकडे लिहायचे. माहीत नाही तिथं प्रश्नचिन्ह. आता बेरीज का वजाबाकी हे पट्टी सांगते, शब्द नव्हे.

प्राथमिकची बेरीज-वजाबाकीची उदाहरणं साधारण तीनच साच्यातली असतात: काहीतरी वाढलं-घटलं, दोन भाग मिळून एक झालं, किंवा दोघांची तुलना. पोराला तीन डबे देऊन उदाहरणाच्या चिठ्ठ्या नुसत्या वाटायला सांगा. सोडवायचं नाही, डब्यात टाकायचं आणि का ते सांगायचं. एका दिवशी १० चिठ्ठ्या आरामात होतात, कारण हिशेबाचा घाम नाही.

आता यातला माझा आवडता उद्योग. मधेच एक खोटं उदाहरण घुसवायचं. ‘धनगराकडं ४० मेंढ्या आणि ६ कुत्री आहेत, तर धनगराचं वय किती?’ माझ्या शिकवणीत चौथीच्या पाच पोरांनी शांतपणे ४६ लिहिलं, एकानं तर ताळा पण केला. ही आयडिया माझी नाही, १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबलला पोरांना असाच प्रश्न दिला होता, बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या, कॅप्टनचं वय काय, आणि बऱ्याच पोरांनी ३६ सांगून टाकलं. म्हणजे आकडे वेचायची सवय तिकडं पण आहे. आठवड्याला एक असं उदाहरण टाका आणि आधीच सांगून ठेवा की या पाचात एक फसवं आहे. पोरगं प्रत्येक उदाहरण संशयानं वाचायला लागतं, आपल्याला तेच पाहिजे. कधी आकडा जास्तीचा टाका, कधी एखादा गायब करा.

पायरी ५: नेहमी, कधीकधी, का कधीच नाही?

तीन कार्डं करा, या तीन शब्दांची. मग एक वाक्य म्हणायचं आणि पोरानं कार्ड उचलून कारण द्यायचं.

‘दोन विषम संख्यांची बेरीज सम असते.’ आता हे आकड्यांनी करायला गेलं की ७ + ९, १३ + ५ करत पोरगं दमतं, आणि चार उदाहरणं बरोबर आली म्हणजे नेहमीच येईल असं कुठं आहे? आम्ही हे गणपती मंदिराच्या बाहेर केलं, चपलांवर. सम म्हणजे सगळ्यांना जोडीदार, विषम म्हणजे एक चप्पल एकटी. एका ढिगात एक एकटी, दुसऱ्या ढिगात एक एकटी, ढीग एकत्र केले की त्या दोन एकट्यांची जोडी. भाचा थोडा वेळ गप्प आणि मग, "पण मावशी, दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या तर?"

मला हसू आवरेना. पण प्रश्न खरा आहे! म्हटलं घालायच्या नाहीत, नुसत्या दोन-दोन लावायच्यात. "मग ठीक, नेहमी." आणि परत येताना रिक्षात त्यानं विचारलं की मग तीन विषम ढीग असले तर. स्वतःच बोटं दुमडून म्हणाला, एक एकटी राहणार. कसलाही पाढा न येता पोरानं सिद्धता दिली, आणि ढीग दहाचा असो का दहा हजारचा, ती चालते. सहावी-सातवीच्या पुष्कळ पोरांना हे ‘का’ सांगता येत नाही.

अजून काही वाक्यं देते. ‘गुणलं की संख्या मोठी होते’: कधीकधी, एकानं, शून्यानं, अर्ध्यानं गुणून बघा. ‘चौरस हा आयत असतो’: नेहमी, आणि यावर घरात मोठ्यांची पण भांडणं होतात. ‘परिमिती सारखी असली की क्षेत्रफळ पण सारखं’: इथं काडेपेटीच्या १२ काड्या द्या. लांबी ५ रुंदी १ केलं तर आत ५ चौकोन बसतात, ४ आणि २ केलं तर ८, ३ आणि ३ केलं तर ९. काड्या तेवढ्याच. पोरगं हातानं बघतं आणि मग ‘कधीकधी’चं कार्ड सुद्धा लगेच उचलत नाही, आधी परत मोजून बघतं.

पायरी ६: माझी चूक पकड

रोज एक सोडवलेलं गणित द्यायचं, मुद्दाम चुकवलेलं, आपल्या नावावर. ‘मावशीनं ५२ − २७ = ३५ केलं.’ पोरानं चूक शोधायची आणि मावशीचं डोकं कुठं फिरलं ते सांगायचं. (दोनातनं सात जात नाहीत म्हणून मावशीनं उलटं सातातनं दोन काढले.) स्वतःच्या चुकांवर या पोरांना इतकं बोलून घ्यावं लागलेलं असतं की वही उघडली तरी खांदे पडतात. दुसऱ्याची चूक काढायला मात्र उत्साह!

मग बरोबर कसं करायचं ते दुकानदाराच्या पद्धतीनं. २७ रुपयांची वस्तू, ५० ची नोट दिली, दुकानदार वजाबाकी करत नाही, ३ रुपये हातावर ठेवतो ‘तीस’, मग २० ची नोट ‘पन्नास’. ५२ साठी अजून २. तीन, वीस, दोन, पंचवीस. हातच्याची भानगड नाही. खोट्या नोटा-नाणी घेऊन आठवडाभर दुकान-दुकान खेळा, पोराला मालक करा, आणि गिऱ्हाईक होऊन मधेच त्याला फसवायचा प्रयत्न करा.

पाढ्यांचं काय

थोडक्यात सांगते. २, ५ आणि १० चे पक्के करा, बाकीचे त्यातनं काढायला शिकवा. सात आठे? पाच आठे चाळीस, दोन आठे सोळा, छप्पन. नऊचं काही असलं की दहाचं करून एकदा कमी. चौकटीच्या कागदावर ७ ओळी ८ रकाने आखून तो खरंच कात्रीनं ५ आणि २ ओळींत कापायचा, म्हणजे हे जादू वाटत नाही. आमचे आजोबा पावकी, निमकी, सवायकी, दिडकी सगळं घडाघडा म्हणायचे आणि म्हणून आम्हाला पण तेच पाहिजे असं घरात चालायचं. ज्याला जमतं त्यानं जरूर करावं. या पोरांचं आज पाठ केलेलं परवा जातं, ती आठवण धरणारी खुंटीच ढिली आहे, तिथं दीड तास घालवण्यात अर्थ नाही.

आणि पाहुण्यांसमोर ‘म्हण रे तेराचा’ हे बंद. पूर्ण बंद. मी एका क्लासला भाच्याला घालून बघितलं होतं, नाव नको, तिथं घड्याळ लावून बेरजा करायला लावायचे आणि कमी करणाऱ्याला पुढं उभं करायचे. तीन आठवड्यांत पोरगं रविवारी सकाळी पोटात दुखतंय म्हणायला लागलं. वेगाची स्पर्धा या पोरांसाठी नाही. टायमर लावायचाच असेल तर किती वेळ बसायचं याला लावा, २० मिनिटं झाली की वही बंद, गणित अर्धं राहिलं तरी बंद.

शाळा आणि सर्टिफिकेट

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते आणि डिस्कॅल्क्युलिया त्यात धरलेला आहे. म्हणजे सवलत मागणं ही मेहरबानी नाही. साधारण ८ वर्षांच्या आधी पक्कं निदान करत नाहीत, कारण तोवर बरीच पोरं मागंपुढं असतातच. प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय मंडळाकडनं घ्यावं लागतं, त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या ऑफिसात किंवा मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जाऊन टेस्टिंग कुठं आणि कधी असतं ते विचारून घ्या. जाताना शाळेच्या वह्या न्या, रंगवलेल्या नव्हे, चुकांच्या. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळतात पण त्या शाळेमार्फत आणि आधी अर्ज करून, त्यामुळं दहावीच्या दिवाळीत जागे होऊ नका.

तोवर वर्गातल्या बाईंना भेटून तीनच गोष्टी मागा, जास्त मागितल्या की एकही होत नाही. एक, पाढ्यांचा तक्ता दप्तरात ठेवू द्या. दोन, अचानक उभं करून तोंडी विचारू नका. तीन, उत्तर चुकलं तरी पद्धत बरोबर असेल तर तिथं तशी खूण करा. भाच्याच्या बाईंना तिसरी गोष्ट पटली, त्या समासात छोटा ‘वि’ लिहायच्या, विचार बरोबर म्हणून. पहिल्या चाचणीत २० पैकी ६ मार्क आणि सात ‘वि’. बहिणीनं तो पेपर जपून ठेवलाय.

किती दिवस लागतात असं सगळे विचारतात. आमच्याकडं अंदाजाची सवय लागायला दीड महिना गेला, पट्ट्या स्वतःहून काढायला जवळजवळ एक टर्म. मधे आजारपण किंवा मोठी सुट्टी आली की थोडं मागं जातं, तेव्हा परत माळेपासनं सुरू करायचं, तीन-चार दिवसांत गाडी येते जागेवर.

भाचा आता आठवीत आहे. पाढ्यांचा तक्ता अजून दप्तरात असतो, परवा बघितला तर त्यावर सहा, सात आणि आठच्या ओळी बोट फिरवून फिरवून पुसल्यात, वाचता येत नाहीत, आणि दोन, पाच, दहाच्या ओळी कोऱ्या करकरीत. नवीन काढून लॅमिनेट करायला टाकलाय.